देयधम, मालकी आणि शाकारणी : उपासनागृहाच्या धनित्वाची एक भाषिक चिकित्सा

१

रायगड जिल्ह्यातील तळा हे गाव त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याच तालुक्यात, राजपुरीची खाडी मांदाडकडे आत शिरते त्या बाजूस, कुडे या लहानशा गावाच्या डोंगरात सव्वीस बौद्ध लेणी खोदलेली आहेत. शिल्पसमृद्धीच्या दृष्टीने ती कार्ले किंवा अजिंठा यांच्या तोलाची नव्हेत. परंतु त्यांच्या भिंतींवर दोन डझनांहून अधिक ब्राह्मी लेख आहेत, आणि त्यांतील बहुतेक सर्व एकच गोष्ट सांगतात : हे कोणी दिले. उपासनेची वास्तू कोणाच्या पैशाने उभी राहिली, याची इतकी नेटकी आणि इतकी जुनी नोंद कोकणात फारच थोड्या ठिकाणी सापडेल.

या लेखांकडे आज पुन्हा वळण्यास एक निमित्त आहे. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, महाराष्ट्रात तसेच महाराष्ट्राबाहेर, एक वाद दीर्घकाळ चालत आलेला आहे. मंडळीने स्वतःच्या मालकीची इमारत उभारावी काय, आणि तिचा सर्व खर्च स्वतः सोसावा काय, हा त्या वादाचा विषय होय. एक पक्ष म्हणतो की, श्रद्धेला दगडमातीची गरज नाही. घर, ओसरी, भाड्याची खोली पुरते. इमारत आली की कर्ज येते आणि कर्जामागून कलह येतो. दुसरा पक्ष म्हणतो की, जी मंडळी आपल्या छपराचा खर्च सोसत नाही ती कायमची आश्रित राहते. जिने बांधावे तिनेच मालक असावे.

दोन्ही पक्षांची तळमळ खरी आहे. दोघांच्या युक्तिवादातील दोषही एकच आहे. 'आपले', 'मंडळीचे', 'स्वतःचे' हे शब्द दोघेही तपासून न पाहता वापरतात. पैसा कोण देतो, कायद्याने मालक कोण, वापर कोणाचा आणि दरवर्षीची डागडुजी कोणाकडे, हे चार प्रश्न वेगवेगळे आहेत. एका षष्ठीच्या प्रत्ययात ते चारही कोंबले गेल्यामुळे वाद सुटण्याऐवजी गुंतत जातो. हा गुंता आधी भाषेच्या अंगाने सोडवून मग मूळ प्रश्नाकडे येणे सोयीचे ठरेल.

२

प्रथम नामांचा विचार करू. इंग्रजीतून आलेल्या 'चर्च' या शब्दाने इमारत आणि माणसांचा समूह या दोहोंचाही बोध होतो. त्याचे मूळ 'प्रभूचे' या अर्थाच्या ग्रीक विशेषणात आहे. म्हणजे या शब्दाच्या पोटातच स्वामित्व दडलेले आहे, आणि ते स्वामित्व मनुष्याचे नाही. याउलट गोव्याकडील 'इगर्ज' हा शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा' या शब्दाद्वारे ग्रीक 'एक्लेसिया'पर्यंत पोहोचतो, आणि 'एक्लेसिया'चा अर्थ बोलावून जमविलेली सभा असा आहे. यात एक गंमत आहे. जो शब्द मुळात माणसांच्या जमावाचा, तो कोकणीत इमारतीचे नाव होऊन बसला. आणि जो मुळात प्रभूच्या वास्तूचा, तो इंग्रजीत माणसांनाही लागू झाला.

मराठी भाषांतरकारांनी येथे फार विवेक दाखविला. 'एक्लेसिया'साठी त्यांनी 'मंडळी' हा शब्द योजला. 'मंडळी' म्हणजे घरची माणसे, जमलेले लोक; लग्नात जेवावयास बसते ती मंडळी. या शब्दाला भिंती नाहीत. वास्तूकरिता मराठी ख्रिस्ती समाजाने चर्च, देऊळ, प्रार्थनामंदिर, उपासनामंदिर असे निरनिराळे शब्द वापरले. वसईकडील कॅथलिक समाजात 'देऊळ' हा शब्द रूढ आहे. म्हणजे इंग्रजी भाषकाला जो भेद प्रयत्नाने समजावून घ्यावा लागतो, तो मराठी ख्रिस्ती माणसाला मातृभाषेतच मिळालेला आहे. मंडळी बांधता येत नाही, ती जमते. देऊळ जमत नाही, ते बांधावे लागते.

याच किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाची साक्षही येथे उपयोगी आहे. ग्रीक 'सिनेगॉग' या शब्दाचा अर्थ एकत्र येणे असाच आहे. हिब्रू नावाचा अर्थ 'सभेचे घर' असा होतो. मराठी बायबलात त्याचे भाषांतर 'सभास्थान' असे केलेले आहे. परंतु कोकणातील बेने इस्राएल लोक बोलताना आपल्या प्रार्थनागृहास 'मशीद' म्हणत. मशीद म्हणजे नमन करण्याची जागा. मुंबईत १७९६ साली सॅम्युअल इझिकिएल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, यांनी उभारलेले 'शाअर हारहामिम' हे प्रार्थनागृह पुढे 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले गेले; मस्जिद बंदर या स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. शेजाऱ्याचा शब्द उचलताना या समाजाला धर्म बाटल्याचे भय वाटले नाही. वास्तूचे नाव कोणत्या भाषेतले, यापेक्षा तेथे कोण जमते याला त्यांच्या लेखी अधिक महत्त्व होते, असे त्यावरून म्हणता येईल.

३

आता षष्ठीच्या प्रत्ययाकडे वळू. 'विठोबाचे देऊळ', 'अहिल्याबाईंचे देऊळ', 'गावाचे देऊळ' आणि 'गुरवाचे देऊळ' हे चार प्रयोग मराठीत सारखेच शुद्ध आहेत. त्यांतील 'चे' मात्र चार प्रकारचा आहे. पहिल्यात ज्याची उपासना होते तो; दुसऱ्यात जिने खर्च केला ती; तिसऱ्यात ज्याचा वापर तो समाज; चौथ्यात ज्याच्याकडे दिवाबत्ती आणि झाडलोट तो सेवेकरी. विक्रीपत्रावर सही करण्याचा अधिकार, म्हणजे आजच्या अर्थाची मालकी, या चौघांपैकी एकाही प्रयोगातून आपोआप निष्पन्न होत नाही.

जुन्या व्यवहारभाषेने हा भेद सांभाळण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. 'मालकी', 'वहिवाट' आणि 'भोगवटा' हे तीन शब्द आपल्या महसुली कागदांत वेगवेगळे नांदतात. वहिवाटदार कारभार पाहतो, पण तो मालक असेलच असे नाही. भोगवटादार जमीन कसतो व तिचे फळ घेतो. देवस्थानाच्या बाबतीत तर कायद्याने मूर्तीलाच मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानले आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मलिक कुटुंबाच्या खटल्यात या तत्त्वाचा स्पष्ट उच्चार केला. म्हणजे 'विठोबाचे देऊळ' यातील षष्ठी कायद्याने अक्षरशः खरी मानली. ख्रिस्ती मंडळीला ही वाट मोकळी नाही. 'प्रभूचे मंदिर' असे ती म्हणते, पण प्रभूच्या नावाने खातेउतारा निघत नाही. तिला कोणा मनुष्याचे, मंडळाचे किंवा संस्थेचे नाव घालावेच लागते, आणि वादाचा उगम तेथेच होतो.

४

या पार्श्वभूमीवर कुड्याचे लेख वाचले म्हणजे त्यांची रचना लक्ष वेधून घेते. त्यांतील आधारभूत शब्द आहे 'देयधम', म्हणजे संस्कृत 'देयधर्म'. 'देय' हे कृदंत आहे : जे द्यावयाचे, जे देणे योग्य, ते. लेखाचा साचा ठरलेला आहे. दात्याचे नाव षष्ठीत, मग 'देयधम', मग दिलेली वस्तू, बहुधा 'लेण' किंवा 'चेतियघर'. मराठी 'लेणे' हा शब्द याच 'लेण'चा, आणि त्याच्याही मागे असलेल्या 'लयन'चा, वारस होय.

दाते कोण होते? सहाव्या लेण्यातील लेखात महाभोज मांदव खंदपालित याचा लेखक शिवभूती आपल्या भार्येसह लेण्याचे दान नोंदवितो. त्याच्या धाकट्या भावाच्या कुटुंबाने त्याच लेण्यातील शिल्पकाम दिले. मुलींच्या नावे खांब आहेत. म्हणजे एका वास्तूचे भाग पाडून घरातील माणसांनी, स्त्रियांसुद्धा, ते वाटून घेतले. अन्यत्र सोमदेव नावाचा वैद्य आपल्या मुलामुलींची नावे घालून लेणे देतो. एका ब्राह्मणाची पत्नी चैत्यगृह देते. माळी आहेत, सार्थवाह आहेत, श्रेष्ठी आहेत. कऱ्हाडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी सह्याद्रीच्या पलीकडून येऊन येथे लेणे देतो. पदुमिनिका नावाची प्रव्रजिता, जिने घरदार सोडले आहे अशी स्त्री, आपल्या अंतेवासिनीसह दात्यांच्या मालिकेत उभी आहे.

या नोंदींतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, खर्च करणारा आणि वापरणारा येथे एक नाही. कऱ्हाडच्या व्यापाऱ्याला कुड्याच्या डोंगरात वर्षावास करावयाचा नव्हता. दुसरा निष्कर्ष व्याकरणाचा आहे. यांतील बहुतेक लेखांत षष्ठी आहे, पण चतुर्थीच्या अर्थाचे पद नाही. कोणाचे दान हे सांगितले आहे, कोणाला हे सांगितलेले नाही. नाशिक व कार्ले येथील राजघराण्यांच्या लेखांत 'चारी दिशांच्या भिक्षुसंघास' असे ग्रहीत्याचे नाव स्पष्ट येते. कुड्याच्या साध्या लेखांत ते गृहीतच आहे. 'देय' म्हटले की वस्तू हातातून सुटली. दात्याच्या नावाची षष्ठी ही संबंधाची षष्ठी राहिली, स्वामित्वाची नव्हे. काही शतकांनंतर, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकात, याच लेण्यांत नव्या दात्यांनी बुद्धमूर्ती कोरविल्या आणि संस्कृत वळणाचे 'देयधर्मोऽयम्' असे लेख घातले. त्यांनी शिवभूतीच्या वंशजांची संमती घेतल्याचा मागमूस त्या लेखांत नाही.

मग ही वास्तू कोणाची? विनयपिटकाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. आराम आणि त्याची भूमी, विहार आणि त्याची भूमी ही संघाची. आणि ती 'अविस्सज्जिय', म्हणजे न देण्याजोगी आहेत. एका भिक्षूने, काही भिक्षूंच्या गटाने किंवा संपूर्ण संघानेही ती कोणास देऊन टाकावयाची नाहीत. 'देयधम' आणि 'अविस्सज्जिय' हे दोन शब्द एकमेकांस पूरक आहेत. दात्याने द्यावयाचे, घेणाऱ्याने पुढे देऊन टाकावयाचे नाही. हाताळण्याचा अधिकार आहे, विकण्याचा नाही. हे स्वामित्व खरे, पण ते पुढच्या पिढीशी बांधलेले स्वामित्व होय.

५

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. कुड्याचे लेणे खडकात कोरलेले आहे. त्याला एकदाच खर्च आला. कोकणातील कौलारू मंदिराचे तसे नाही. ज्या प्रदेशात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास आणि त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तेथे दर वैशाखात कौले उतरवून, फुटकी बदलून, वासे तपासून शाकारणी करावी लागते. एका वर्षाची शाकारणी चुकली की भिंतीत पाणी शिरते. तीन वर्षांची चुकली की वास्तू जाते. तेव्हा बांधकामाचे दान आणि शाकारणीचा खर्च या भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीचे उत्तर कुडे देत नाही.

त्यासाठी नाशिकला जावे लागते. तेथील दहाव्या लेण्यात नहपानाचा जामात उषवदात याने लेणे देऊन हात झटकले नाहीत. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले : दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत द्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे, असे लेखातच म्हटले आहे. दोन हजारांवर वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण व्याज होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, हा हिशेब त्यात चोख बसतो. हा पैसा वस्त्रासाठी होता, डागडुजीसाठी नव्हता, हे खरे. परंतु भिंत देणे निराळे आणि भिंतीआतले जीवन चालविणे निराळे, ही जाणीव त्या काळी पक्की होती, एवढे त्यावरून सिद्ध होते. गोव्यातील ख्रिस्ती व्यवस्थेतही 'फाब्रिका' या नावाने मंदिराच्या मिळकतीचा व खर्चाचा कारभार स्वतंत्रपणे पाहिला जातो. त्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ बांधकाम, कारागिरी असाच आहे. ज्या व्यवस्थेने शाकारणीला स्वतंत्र नाव दिले, ती ती विसरण्याचा संभव कमी.

६

आता दोन्ही पक्षांची परीक्षा करू. मंडळीने इमारतीच्या फंदात पडू नये असे म्हणणाऱ्यांचा भर आरंभीच्या ख्रिस्ती इतिहासावर असतो. तो आधार खोटा नाही. पहिल्या दोन-तीन शतकांत मंडळ्या घरांतून जमत. फरात नदीवरील दुरा-युरोपोस येथे उत्खननात जे ख्रिस्ती उपासनागृह मिळाले ते इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात फेरबदल करून घेतलेले एक राहते घरच होते. परंतु या पक्षाने पुढचे पान उलटावयास हवे. इ. स. ३१३ च्या प्रसिद्ध आज्ञेने ख्रिस्ती लोकांची जप्त केलेली स्थाने परत देवविली, त्या वेळी ती एकेकट्या व्यक्तींची नसून त्यांच्या समुदायाची आहेत, असा भेद आज्ञेतच केला होता. याचा अर्थ छळाच्या काळातही मंडळ्यांकडे सामुदायिक मालमत्ता होती, आणि राज्यकर्त्यांना ती ठाऊक होती. घरातून उपासना चालविणाऱ्या मंडळीलाही घरमालक असतोच; फरक इतकाच की त्या स्थितीत मंडळीचे स्थैर्य त्या एका माणसाच्या मर्जीवर, आयुष्यावर आणि वारसांवर अवलंबून राहते.

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत उदात्त रूप ना. वा. टिळकांच्या अखेरच्या पर्वात दिसते. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही बंधुता आरंभिली. परक्या पैशावर उभ्या असलेल्या व्यवस्थेहून वेगळे, या भूमीत रुजलेले ख्रिस्तानुयायित्व त्यांना हवे होते. 'दरबार' हा शब्दच पाहावा : त्यात राजा आहे, जमलेले लोक आहेत, इमारत असली तर ती गौण आहे. १९१९ साली टिळक निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. इमारत नव्हती म्हणून तो मोडला असे म्हणणे उथळपणाचे होईल. त्याचे केंद्र एक असामान्य व्यक्ती होती हे कारण पुरेसे आहे. पण व्यक्ती गेल्यावर जमण्याला जे निमित्त लागते, ते ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ पुरवितात, ही गोष्टही नाकारता येत नाही.

दुसऱ्या पक्षाचा इतिहास मिशनांच्या इतिहासाशी निगडित आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरात १८३१ पासून चालू झाले. त्या मिशनच्या मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः सोसावा आणि प्रसारही स्वतःच करावा, हे त्यांचे सूत्र होते. पुढे १८९० साली जॉन नेव्हियस यांनी कोरियातील मिशनऱ्यांना असाच सल्ला दिला : प्रार्थनागृहे स्थानिक लोकांनी, स्थानिक पद्धतीने, स्वतःच्या ऐपतीप्रमाणे बांधावीत. या सूत्रातील मर्म 'ऐपत' या शब्दात आहे. दात्याच्या ऐपतीने बांधलेली दगडी कमान वापरणाऱ्याच्या ऐपतीने शाकारता येत नाही.

हे मर्म कुलाब्याच्या किनाऱ्याने फार पूर्वीच अनुभवले आहे. रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाने निरनिराळ्या संन्यासी संघांची भव्य मंदिरे व मठ उभे राहिले. राजाने मंदिरांचा भार उचलावा आणि त्याबदल्यात धर्माधिकारी नेमण्याचा हक्क त्याला असावा, अशी ती 'पाद्रोआदो' नावाची व्यवस्था होती. १७४० साली चौल मराठ्यांकडे आले. आश्रयदाता गेला आणि त्याच्यामागून वास्तूही गेल्या. आज तेथे भिंती आहेत, उंच मनोरा आहे आणि नारळीपोफळी आहेत. खाडीच्या पलीकडे कोर्लई गावातील गरीब ख्रिस्ती वस्ती मात्र टिकली. तिची उपासना टिकली आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली तिची बोलीही टिकली. हजाराच्या आसपास माणसे बोलतात ती ही बोली. तिला ते 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा, म्हणतात. राजाची षष्ठी संपली. या लोकांची संपली नाही.

इंग्रजी अमदानीतील सरकारी खर्चाच्या मंदिरांचीही गत याहून फार निराळी नव्हती. १९२७ च्या कायद्यान्वये १९३० साली हिंदुस्थानातील अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या राज्यमंडळीपासून विभक्त झाली. छावण्यांच्या गरजेनुसार बांधलेल्या प्रशस्त वास्तू, स्वातंत्र्यानंतर गोरी पलटण निघून गेल्यावर, मूठभर स्थानिक कुटुंबांच्या पदरात पडल्या. या कुटुंबांना मालमत्ता मिळाली, पण तिचा भार पेलण्याची शक्ती तिच्याबरोबर आली नाही.

तथापि 'जो खर्च करील तोच मालक' हे सूत्र सरसकट स्वीकारले तर त्यातून दुसरा अन्याय उद्भवतो. ज्याने अधिक दिले त्याचे म्हणणे अधिक चालू लागते. ज्याला काहीच देता आले नाही ती विधवा मंडळीत पाहुणी ठरते. कुड्याच्या दात्यांनी नावे कोरली, पण किल्ली खिशात ठेवली नाही. स्वावलंबनाचा आग्रह धरणाऱ्यांनी हा धडा घेण्याजोगा आहे.

७

कायद्याने या प्रश्नाला जे रूप दिले आहे ते विनयपिटकाच्या भूमिकेशी बरेच जुळते. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली झाला. महाराष्ट्रात तो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या छत्तिसाव्या कलमानुसार विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इमारत वा बिनशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावरही देता येत नाही. 'विश्वस्त' या शब्दाचा अर्थच असा की, वस्तू त्याच्या नावावर आहे, त्याच्यासाठी नाही.

शब्दांची किंमत न्यायालयात कशी मोजली जाते याचे एक उदाहरण पाहावे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली. गुजरातेतील ब्रेदरेन पंथाची जिल्हामंडळी ठराव करून तीत सामील झाली. मग तिच्या मिळकती नव्या मंडळीच्या झाल्या काय? वाद चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ ठरावाने नोंदलेली संस्था विसर्जित होत नाही आणि तिच्या मिळकतीही आपोआप दुसऱ्याकडे जात नाहीत; त्यासाठी कायद्याने आखलेला मार्गच अनुसरावा लागतो. उपासना करणाऱ्यांच्या दृष्टीने 'ऐक्य' हा शब्द पुरेसा होता. मिळकतीच्या दृष्टीने तो पुरेसा ठरला नाही. मंडळी हा जिवंत समूह असून विश्वस्त संस्था हे कागदावरचे शरीर आहे. दोघांची हालचाल एकाच वेगाने होत नाही. हा भेद ज्या मंडळ्यांनी वेळीच ओळखला नाही, त्यांची वर्षे उपासनेऐवजी तारखांत गेली.

८

यापुढचा प्रश्न सर्वांत कठीण आहे : वास्तू राहिली आणि मंडळी उरली नाही तर? पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही गावांवरून पडलेली आडनावे मिरविणारा बेने इस्राएल समाज शतकानुशतके या किनाऱ्यावर नांदला. अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण येथे त्याने प्रार्थनागृहे बांधली. ती कोणा राजाने बांधून दिलेली नव्हती. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुषांचा मेळ लागतो असा त्या धर्माचा नियम आहे. जेथे दहा जमत नाहीत तेथे विश्वस्त असतात, किल्ली असते, शाकारणीही होते. परंतु 'सभेचे घर' या नावातील सभा नसते. स्वतःच्या मालकीचे, स्वतःच्या खर्चाचे, तरीही ओस पडू पाहणारे हे घर दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांना निरुत्तर करते. मालकीने वास्तू वाचते. मंडळी मालकीने वाचत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर तुकड्यांनीच द्यावे लागते. मंडळीने बांधकामाचा खर्च शक्य तितका स्वतः करावा. परंतु बाहेरच्याने दिलेले दान नाकारण्याचे कारण नाही, मात्र ते कऱ्हाडच्या महिकाच्या दानासारखे असावे : दिले आणि सोडले. शाकारणीचा खर्च मात्र निरपवादपणे मंडळीचाच असावा, कारण दरवर्षीच्या खर्चासाठी जो दुसऱ्याकडे पाहतो त्याचा निर्णयही दुसऱ्याकडेच जातो. म्हणून वास्तूचा आकार दात्याच्या औदार्यावरून न ठरविता शाकारणीच्या ऐपतीवरून ठरवावा. कायदेशीर मालकी व्यक्तीची नसावी, दूरच्या मुख्यालयाचीही नसावी; ती स्थानिक विश्वस्तांकडे असावी, आणि 'अविस्सज्जिय' या शब्दाचा धाक त्यांना असावा.

मराठीने या प्रश्नाच्या निवाड्यासाठी आणखी एक कसोटी दिली आहे. 'आमचे' आणि 'आपले' हा भेद इंग्रजीला करता येत नाही. 'आमचे देऊळ' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपले देऊळ' म्हणताना तो आत येतो. मालकीच्या दाव्यात 'आमचे' अपरिहार्य आहे. खातेउताऱ्याला 'आपले' समजत नाही. परंतु ज्या मंडळीच्या तोंडी शाकारणीच्या दिवशीही 'आमचे'च राहते, तिच्या छपराखाली फार दिवस माणसे जमत नाहीत.

कुड्याची लेणी आज संरक्षित स्मारक आहेत. त्यांची निगा शासनाकडे आहे. तेथे वर्षावास नाही, चीवर नाही, संघ नाही. खडकात कोरल्यामुळे त्यांची शाकारणी कधी चुकली नाही, आणि तरीही ती रिकामी झाली. भिंतीवर शिवभूतीच्या घरातील मुलींची नावे आणि त्यांनी दिलेल्या खांबांची नोंद तेवढी वाचता येते. खांब अजून उभे आहेत.